बाणासाठी लाकूड जितकं कठीण तितकं चांगलं?

बाणाच्या काडीला जड, कठीण लाकूडच हवं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. 1545 मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश युद्धनौकेवर सापडलेल्या बाणांपैकी बरेचसे पॉपलरचे, म्हणजे हलक्या, मऊ लाकडाचे होते. सुटताना बाण लवतो, धनुष्याला वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणून त्याचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी, म्हणजे दोरी खेचायला लागणाऱ्या जोराशी, जुळावा लागतो. नुसता कठीणपणा इथे कामाचा नाही. स्प्रूस, पाइन, सीडर या लाकडांत हे छान साधतं. अ‍ॅश हे लाकूड जड आणि चिवट, तेही चालतं. खरी पारख लाकडाच्या तंतूंची: ते टोकापासून टोकापर्यंत सरळ हवेत. तिरक्या तंतूंची काडी सुटताना मोडून हातात घुसू शकते. ती आधीच बाजूला काढा.