पर्यटन व्यवस्थापन (पदवी शिक्षण)

पर्यटन व्यवस्थापन, कॉलेजात सगळे नुसतं ‘टूरिझम’ म्हणतात, हा टूर कंपन्या, एअरलाइन्स, पर्यटन महामंडळं, व्हिसा आणि तिकीटिंगची ऑफिसं अशा ठिकाणी नोकरीसाठी तयार करणारा विद्यापीठातला कोर्स. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच ठिकाणी चार वर्षांचीही, आणि त्यापुढे दोन वर्षांचं एमबीए किंवा एमटीए (पर्यटन प्रशासनातली मास्टर्स डिग्री). नावं विद्यापीठागणिक बदलतात, कुठे बीबीए, कुठे बीए.

नातेवाईक याला हमखास हॉटेल मॅनेजमेंट समजतात. ते वेगळं. दादरच्या आयएचएमसारख्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस शिकवतात, टूरिझमवाल्याला कांदा चिरावा लागत नाही, त्याला एक्सेल उघडावं लागतं. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो, तो म्हणजे ‘मस्त, फिरायला मिळेल’. मिळतं की, पण दुसऱ्याच्या सुट्टीत. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हा या धंद्याचा सीझन, त्यामुळे घरचे सगळे एकत्र जमतात तेव्हा हा माणूस एअरपोर्टवर चाळीस पासपोर्ट मोजत उभा असतो.

कुठून आलं

पर्यटन हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे हे आधी स्वित्झर्लंडला सुचलं, १९४१ मध्ये बर्न आणि सेंट गालेनला त्यासाठी संस्था निघाल्या, आणि तिथल्याच हुन्झिकर आणि क्राप्फ यांनी १९४२ मध्ये केलेली पर्यटनाची व्याख्या अजून पहिल्या सेमिस्टरला पाठ करावी लागते. भारतात १९८३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टूरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट) ही संस्था सुरू झाली, मुख्य ठिकाण ग्वाल्हेर, शिवाय भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोवा. गोव्याचं सेंटर म्हणजे मुळात वॉटर स्पोर्ट्सची राष्ट्रीय संस्था, ती नंतर यात आली. या संस्थेची बीबीए आणि एमबीए डिग्री अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाबरोबर मिळून दिली जाते.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि वेरूळ-अजिंठा शेजारी असताना तो तिथे नसता तरच नवल. मुंबई विद्यापीठाच्या गरवारे इन्स्टिट्यूटमध्येही कोर्स चालतात. महाराष्ट्रात बीबीए-बीएमएस नावाच्या पदव्यांना २०२४ पासून सीईटी लागू झाली, त्यामुळे ‘मार्क कमी पडले, चला टूरिझम घेऊ’ हा जुना रस्ता काही ठिकाणी आता तेवढा सरळ नाही.

वर्गात काय असतं

थिअरी बरीच असते आणि ती वाटते तेवढी कोरडी नाही. बटलर नावाच्या अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलेलं मॉडेल म्हणतं की पर्यटनस्थळाला आयुष्य असतं, आधी थोडे हौशी लोक येतात, मग गावकरी खोल्या द्यायला लागतात, मग बाहेरचा पैसा येतो, गर्दी वाढते, वाढ थांबते आणि तिथून एकतर ते ठिकाण उतरणीला लागतं नाहीतर नव्याने उभं राहतं. हे मालवण-तारकर्लीला लावून बघा, एकेक पायरी ओळखू येते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, घराघरात निवास-न्याहारी सुरू झालं, स्कूबा आलं, एमटीडीसीने तारकर्लीला स्कूबा शिकवणारी संस्थाच काढली, आणि आता बाहेरचे लोक जमिनी विचारत फिरतात. पुढची पायरी कुठली यावर व्हायव्हात तासभर भांडता येतं.

वहनक्षमता, म्हणजे एखादी जागा किती माणसं झेलू शकते, हा दुसरा आवडता टॉपिक. उदाहरणं घरचीच आहेत, कास पठारावर फुलांच्या सीझनमध्ये रोजची संख्या ठरवून ऑनलाइन बुकिंग ठेवावं लागलं आणि माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे गाडी नेताच येत नाही.

पण धंद्याच्या कामाचा पेपर म्हणजे आयटिनररी (सहलीचं दिवसवार वेळापत्रक) आणि कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब). सरांनी असाइनमेंट दिली की सोमवारी सकाळी ग्रुप संभाजीनगरला उतरणार, तीन दिवस दोन रात्री, की निम्मा वर्ग उत्साहाने पहिल्याच दिवशी अजिंठा टाकतो. अजिंठा सोमवारी बंद असतं. उरलेल्यातले काही जण दुसऱ्या दिवशी वेरूळ टाकतात, ते मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, एवढं साधं उत्तर, पण ते माहीत असावं लागतं. शिवाय अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबणार, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस, तिची रांग, जेवण, ग्रुपमधल्या आजींचे गुडघे, हा सगळा वेळ कागदावर धरला नाही तर संध्याकाळचं शॉपिंग रात्री नऊला होतं आणि शिव्या टूर मॅनेजरला.

मग पैसे. समजा गाडीचे तीन दिवसांचे ३०,०००, गाइडचे ६,०००, टूर मॅनेजरचं राहणं-खाणं-भत्ता ९,०००. हे ४५,००० माणसं किती आहेत यावर बदलत नाहीत. हॉटेल, जेवण, तिकिटं मिळून माणशी ७,०००. पंधरा पॅक्स (प्रवाशाला धंद्यात पॅक्सच म्हणतात) असतील तर माणशी खर्च १०,०००, विक्री १२,००० ला केली तर ग्रुपमागे ३०,००० सुटतात. ऐनवेळी पाच जणांनी कॅन्सल केलं की दहा उरले, खर्च माणशी ११,५००, सुटले फक्त ५,०००. नऊ झाले की हातात शून्य. आणि यात अजून जीएसटी धरलेला नाही! कॅन्सलेशनच्या अटी इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या कडक का असतात ते या एका गणितात कळतं, त्यानंतर कुणी ‘टूरवाले लुटतात’ म्हणालं तर विद्यार्थी आधी ‘किती पॅक्स होते?’ विचारतो.

याशिवाय तिकीटिंग, म्हणजे अ‍ॅमेडियस किंवा गॅलिलिओसारख्या विमान-बुकिंगच्या सिस्टिमच्या कमांड आणि एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड. मग व्हिसाचे कागद, मार्केटिंग, अकाउंट्स, कायदा, पर्यटन भूगोल आणि एखादी परदेशी भाषा. भाषेकडे बहुतेक जण पास होण्यापुरतं बघतात आणि हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण जपानी, रशियन किंवा स्पॅनिश बोलणारा माणूस कमी मिळतो आणि त्याला ग्रुप आधी मिळतो. पुण्यातली बरीच शहाणी मुलं डिग्रीच्या बरोबरीने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषेचे क्लास लावतात ते उगाच नाही.

नोकरी

इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी सक्तीची असते आणि खरं शिक्षण तिथे होतं, निदान माझं मत तरी तसं आहे. पहिले काही आठवडे व्हाउचर (हॉटेलला द्यायची बुकिंगची चिठ्ठी) टाइप करणं, रूमिंग लिस्ट (कोण कुणाबरोबर कुठल्या खोलीत याची यादी) बनवणं, हॉटेलला फोन करून ‘ट्विन म्हणजे दोन वेगळे बेड, डबल नाही’ हे परत परत सांगणं, यातच जातात, आणि ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने लवकर लाइन बदललेली बरी. सुरुवातीचा पगार इतर बीबीएवाल्यांच्या मानाने बेताचाच असतो. पुढे ऑपरेशन्स, सेल्स, कॉन्ट्रॅक्टिंग (हॉटेलं, गाड्या यांच्याशी दर ठरवणं), कॉन्फरन्स आणि इव्हेंट्स असे फाटे फुटतात. मराठी मुलांना एक फायदा आहे, ग्रुप टूरची मोठी मराठी बाजारपेठ इथे आहे, १९८४ ची केसरी आणि २०१३ ची वीणा वर्ल्ड या टूर कंपन्या म्हणजे घरोघरी माहीत असलेली नावं, आणि मराठीतून चाळीस लोकांना युरोपात सांभाळणारा टूर मॅनेजर ही खरोखरची पोस्ट आहे. त्यात इंग्रजी लागतंच, पण पाचव्या दिवशी वरण-भात कुठे मिळेल हेही लागतं.

धंदा नाजूक आहे हे मात्र डोळ्यांसमोर ठेवावं. १८४१ मध्ये लेस्टरहून रेल्वेने पहिली सहल नेणाऱ्या थॉमस कुकच्या नावाने चालणारी ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली आणि सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले. भारतातली थॉमस कुक मात्र २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची असल्यामुळे चालू राहिली, वर्गात ही केस मालकी आणि कर्ज समजावायला हमखास घेतात. पाठोपाठ कोविड आला, मार्च २०२० मध्ये भारतातून बंद झालेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली, मधल्या काळात या क्षेत्रातले कितीतरी लोक कायमचे दुसरीकडे गेले.

ज्यांना ऑफिसात बसायचं नाही त्यांच्यासाठी गाइडचा रस्ता आहे, पण संरक्षित स्मारकांवर अधिकृत गाइड व्हायचं तर डिग्री पुरत नाही, सरकारी परवाना वेगळा काढावा लागतो. आणि शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये (कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन असा स्वतंत्र विषय आहे, एमबीए किंवा एमटीए झाल्यावर ती परीक्षा देता येते.