बाह्य आघात आणि प्रतिसाद (सोलापूर)

शरीर, बाजार किंवा समाज यांवर बाहेरून ताण आला की त्यांच्यात जी हालचाल सुरू होते तिला प्रतिसाद म्हणतात. आघात जेवढा मोठा तेवढा प्रतिसाद मोठा, असे मात्र घडत नाही. आत आधीपासून काय साचले आहे आणि ताण झेलायला हाताशी काय आहे, यावर सारे ठरते. सोलापुरात आरोग्य, अर्थकारण आणि संस्कृती या तिन्ही क्षेत्रांत हे दिसते, आणि तिन्हींच्या मुळाशी कापडाचा धंदा आहे.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी शरीर रक्त त्वचेकडे वळवते आणि घाम काढते. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत हे काम चांगले चालते. पण त्याच कोरड्या हवेत सुती धागा मागावर वारंवार तुटतो. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, आणि मजुरी कापडाच्या हिशेबाने असल्यामुळे तो वेळ कामगाराच्या पदरचा जातो. म्हणून शेडमध्ये ओलावा राखावा लागतो. धाग्याला मानवणारी ही दमट हवा माणसाला बाधते: घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो, आणि वर पत्रा तापलेला असतो. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. ‘ऊन लागलंय’ म्हणून कांदा हुंगवत बसण्याची ती वेळ नव्हे. अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

उन्हाची सवय एक-दोन आठवड्यांत होते: घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते. गावी काही आठवडे सावलीत राहून परतलेल्या कामगाराची ही सवय बरीचशी गेलेली असते, म्हणून पहिले काही दिवस त्याला हलके काम द्यायला हवे.

कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा आजार याहून फसवा. विणाईपेक्षा सूतगिरणीच्या पिंजण खात्यात तो जास्त आढळतो. कापसासोबत येणाऱ्या जिवाणूंचे विष त्याचे प्रमुख कारण मानले जाते. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, श्वास अपुरा पडतो; पुढच्या दिवसांत त्रास ओसरतो. वर्षानुवर्षे धूळ छातीत गेली की तो त्रास रोजचाच होतो आणि फुप्फुसे कायमची अधू होतात. रोग्याला ‘कधीपासून’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणत्या वारी’ हेही विचारले पाहिजे.

बाजाराचा प्रतिसाद कितीतरी उशिरा उमटू शकतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरला पोचली होती, त्यामुळे ही तेजी इथेही आली. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर घेतलेली कर्जे तेवढी उरली. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्यामागे हा दहा वर्षांपूर्वीचा धक्का होता. पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला आणि त्याच काळात, १८७७ साली, सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली.

आजही सुताचा भाव चढला की कारखानदाराला चादरीचा भाव लगेच वाढवता येत नाही, कारण पानिपतची स्वस्त नक्कल ‘सोलापुरी’ म्हणूनच विकली जाते. भौगोलिक मानांकन (त्या नावावर त्या गावाचाच हक्क मानणारी नोंदणी) मिळूनही ती थांबलेली नाही. मग पाळ्या कमी होतात. मागावरच्या कामगाराच्या घरी बहुधा बाई विड्या वळते. हजार विड्यांमागे ठरलेली तिची मजुरी ते घर तगवते. बाजाराचा धक्का शेवटी तिच्या बोटांवर येतो, आणि कारखान्याच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही.

संस्कृतीतले प्रतिसाद संथही असतात आणि स्फोटकही. पोटासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव ही त्यांची देणगी. १९३० चा मे महिना मात्र स्फोटाचा. ५ मेला गांधीजींना अटक झाली. ही बातमी देशभर गेली, पण सोलापुरात ८ मेला गोळीबार होऊन सरकारी अंमल कोलमडला आणि १२ मेला मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला गेला. इथेच असे का घडले? गिरणी कामगारांची दाट वस्ती होती आणि ६ एप्रिललाच नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. लोक आधीच एकत्र आलेले होते. याच आंदोलनातील मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

संघटनेची ही परंपरा पुढे हक्काच्या घरांच्या मागणीत उतरली. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. धंदा बंद असला तरी घरभाडे थांबत नाही. डोक्यावर स्वतःचे छप्पर असलेल्या घराला कमी झालेली पाळी निदान काही आठवडे सोसता येते.