पाय सुटला पाहिजे : क्लिपलेस पेडल आणि बुटांची पार्श्वभूमी

मागच्या श्रावणात धामणगाव गढीच्या बाजूला एका पांदण रस्त्यावर समोरून बंडी आली. मी ब्रेक दाबला, उजवा पाय टेकवायला, म्हणजे पायडलमध्ये अडकवलेला बूट सोडवायला, टाच बाहेर फिरवली, पण पाय सुटलाच नाही. सायकलसकट धुऱ्यावर आडवा झालो, कोपर सोललं. बंडीवाले काका उतरून धावत आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाय काहून नाई टेकवला रे बाप्पा?"

पायाला पायडलशी जोडण्याची खटपट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचं सगळं सार काकांच्या या प्रश्नात आहे. पाय अडकवणं लोकांना लवकर जमलं. तो वेळेवर सोडवणं जमायला फार वर्षं गेली.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. 'क्लिपलेस' म्हणजे क्लिप नसलेलं, मग यात बूट खटकन अडकतो तो कसा, असं नवीन पोरं हमखास विचारतात. इथली क्लिप म्हणजे पायाच्या बोटांवर बसणारा जुना पिंजरा. धातूचा तो पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा शर्यतीच्या सायकलींवर कित्येक दशकं होता. पट्टा आवळला की चढावर पाय वर ओढतानाही जोर लावता येई. मात्र थांबायच्या आधी वाकून तो हाताने सैल करावा लागे. पुढे पिंजरा गेला, म्हणून पेडल 'क्लिपलेस'. बुटाच्या तळाला स्क्रूने बसणारा धातूचा तुकडा म्हणजे क्लीट. पेडलच्या स्प्रिंगमध्ये तोच अडकतो.

पिंजऱ्याशिवाय बूट जोडायची कल्पना अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ सालीच मांडली होती. पाय वळवून अडकवायचा, वळवूनच सोडवायचा. विचार आजच्यासारखाच होता, पण त्या काळी तो रुजला नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०० साली, सायकलींच्या धंद्यात असलेल्या राइट बंधूंनी (पुढे विमान उडवलं तेच) डाव्या पायडलला उलटे आटे दिले, म्हणजे चालवता चालवता ते निघून येणार नाही. गावातल्या कोणत्याही सायकल दुकानात मिस्त्री डावं पायडल उलटा पाना फिरवून काढतो, ते याच कारणाने. नवीन पेडल स्वतः बसवणार असाल तर हे ध्यानात ठेवा. सुलटे आटे समजून जोर लावला की क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेल्लीने एम-७१ नावाचं पेडल आणलं. क्लीट त्यात सरकून पक्की बसे, पण सोडवायला खाली वाकून हाताने खटका ओढावा लागे. सायकलवाल्यांनी त्याला मरणाचं पेडल म्हणायला सुरुवात केली.

वाट सापडली ती बर्फावर. फ्रान्सच्या नेव्हेर गावची लूक ही कंपनी स्कीचे खटके बनवायची. स्की करणारा घसरून पडला तर पाय पिरगळायच्या आत बूट आपोआप सुटला पाहिजे, ही त्या धंद्याची पहिली अट. तीच अट सायकलला लावून १९८४ साली लूकने पीपी-६५ पेडल आणलं. टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा, हात लावायचं काम नाही. १९८५ साली बर्नार इनो याच पेडलवर टूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्याचे दिवस भरले.

पण ते पेडल डांबरी रस्त्याचं होतं. त्याची मोठी क्लीट बुटाच्या तळाबाहेर येते. ती घालून चार पावलं चाललं तरी पाय घसरतो. डोंगरात आणि वावरात सायकल निम्मा वेळ हातात धरून न्यावी लागते. ही अडचण जपानच्या शिमानोने सोडवली. १९९० साली आलेल्या त्यांच्या एसपीडी पेडलची क्लीट लहान, दोन स्क्रूंची आणि बुटाच्या रबरी तळात खोल बसणारी होती. चालताना जमिनीला टेकतो तो रबराचा तळ. पेडल दोन्ही बाजूंनी अडकतं, त्यामुळे खाली बघावं लागत नाही. माझ्या मते माउंटन बाइकच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच. आजही डोंगरी बुटांच्या तळाला त्याच दोन स्क्रूंच्या खाचा असतात.

उरला चिखल. सुरुवातीच्या एसपीडीत तो ठासून बसायचा. पुढच्या मॉडेलांत जागा मोकळी होत गेली. २००१ साली क्रँक ब्रदर्सचं अंडं फेटायच्या यंत्रासारखं दिसणारं एगबीटर आलं. ते चारही बाजूंनी अडकतं आणि त्यात चिखल थांबायला जागाच फार कमी. आपल्याकडे ही बाब साधी नाही. वऱ्हाडातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि रबरासारखी चिकटते. त्या दिवशी मी सायकल ढकलत ओढा ओलांडला होता. क्लीटभोवती मातीचा गोळा बसला, ती अर्धवट अडकली आणि मग सुटेना. काकांनी बंडीवरची तुराटी मोडून दिली. तिच्या टोकाने कोरून काढली तेव्हा कुठे माती निघाली. तेव्हापासून बोटभर तुराटी माझ्या पिशवीत असते.

एगबीटरचं पितळी क्लीट लवकर झिजतं आणि त्याच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येत नाही. एसपीडीत तो ३ मिमीच्या ॲलन कीने जमतो, क्लीट मागवायलाही सोपी पडते. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी शिमानोचं साधं एम-५२० सांगतो. ताण एकदम सैल ठेवा. जमलं तर सोबतची एसएच-५१ क्लीट बाजूला ठेवून एसएच-५६ लावा. पहिली टाच बाहेर फिरवली तरच सुटते, दुसरी वर ओढूनही सुटते. ज्यांना हे नकोच, त्यांनी खिळ्यांचं सपाट पेडल बिनधास्त घ्यावं. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलवरच डाउनहिलचा, म्हणजे डोंगर उतरायच्या शर्यतीचा, विश्वविजेता झाला.

बुटाचा तळ लाकडासारखा ताठ नको. चिखलदऱ्याच्या घाटात मुरमावर उतरून चालावं लागतं, तिथे थोडा वाकणारा, खोल नक्षीचा तळ बरा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो. क्लीटच्या स्क्रूंना ग्रीस लावा, नाही तर एका पावसाळ्यात गंजून ते कायमचे बसतात.

सोयाबीन निघालं की मोकळ्या वावरात पहिले आठ दिवस काढा. चालत्या सायकलवर पायडलच्या दर दहा-बारा फेऱ्यांनी एक पाय सोडवायचा, परत अडकवायचा, मग दुसरा. तिथे पडलात तरी माती मऊ असते.