आधी वर्दीत, मग साध्या कपड्यात: जुन्या फोर बाय फोर गाड्यांची किट्स कुठून आली

जुन्या ऑफरोड गाड्यांची स्केल किट्स जोडायला घेतली की थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात येते. आपल्या डोळ्यासमोर असते शेतावर राबलेली लँड रोव्हर, एका मडगार्डला पोचा, मागे हौद्यात दोरखंड आणि कॅन टाकलेले, आणि बॉक्समध्ये मात्र निघते लष्कराची गाडी, मशीनगन लावलेली. नाहीतर रॅलीची, अंगभर स्टिकर चिकटवलेली. साधी, कामाची, नागरी गाडी हवी असेल तर बऱ्याचदा ती आपली आपणच घडवावी लागते. असं का झालं हे मला बरीच वर्षं पडलेलं कोडं होतं, आणि त्याचं उत्तर गाड्यांच्या इतिहासात जितकं आहे तितकंच किट बनवणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासातही आहे, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी खरी गाडी. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने हलकी, चारही चाकांना ताकद जाईल अशी टेहळणीची गाडी मागितली आणि पहिला नमुना आणून द्यायला मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरला बोलावून ती मुदत पाळली, पण बॅन्टमची फॅक्टरी लहान, त्यामुळे मोठं उत्पादन गेलं विलीज आणि फोर्डकडे, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून जवळपास ६ लाख ४० हजार जीप बाहेर काढल्या. सैन्याची अट अशी की एकाचे पार्ट दुसऱ्याला बसले पाहिजेत, म्हणून दोन्ही गाड्या दिसायला सारख्याच. पण मॉडेल करणाऱ्याला फरक दिसतो, नव्हे दिसलाच पाहिजे. विलीजच्या चॅसिसचा पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. सुरुवातीच्या विलीजची ग्रिल पट्ट्या वेल्ड करून केलेली, आणि फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ खाचांची ग्रिल ठोकून काढली, ती स्वस्त पडली म्हणून पुढे सगळ्यांनीच उचलली. फोर्ड तर आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर उठवायची. १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ते अक्षर दिसत नाही, पण तो आडवा दांडा दिसतो, आणि किट विलीजचं असताना बॉक्सवर फोर्ड लिहिलेलं असलं की जाणकार माणूस गाडी उलटी करून आधी तोच बघतो.

आता एक मुद्दा जो मला फार महत्त्वाचा वाटतो. या जीप समुद्रापार जाताना बऱ्याचदा अर्धवट सुट्या करून लाकडी खोक्यात भरून जायच्या आणि पोचल्यावर सैनिक त्या जोडायचे. म्हणजे ही गाडी मुळातच किट होती! लँड रोव्हरचंही तेच. रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स, त्याची वेल्समध्ये अँगलसी बेटावर शेती, तिथे तो युद्धातून उरलेली जीप वापरायचा, आणि ती गेली की पुढे काय या विचारातून १९४७ मध्ये या गाडीची कल्पना निघाली. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत तिचं पहिलं चित्र काढलं ही गोष्ट लँड रोव्हरवाले आजही सांगतात. ३० एप्रिल १९४८ ला अॅम्स्टरडॅमच्या मोटार शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलादाचं रेशनिंग होतं म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आणि महागडे प्रेस-साचे परवडत नव्हते म्हणून पत्रे शक्य तितके सपाट. नंतर सुट्या भागांचे संच करून ती देशोदेशी पाठवली आणि तिथल्या फॅक्टऱ्यांत जोडली गेली. बेल्जियममध्ये मिनर्व्हा कंपनीने १९५२ पासून स्वतःची आवृत्ती काढली, तीही पोलादी पत्र्यात. जी गाडी सपाट पत्रे, शिडीसारखी चॅसिस, चार कमानपाटे आणि दोन अॅक्सल एवढ्यावर उभी आहे ती छोट्या स्केलमध्ये जोडायला इतकी समाधानाची का वाटते हे यातून कळतं, कारण आपण खऱ्या फॅक्टरीतल्या क्रमानेच चालत असतो, आधी चॅसिस, मग पाटे, मग अॅक्सल, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटून देणारी पेटी), आणि बॉडी सगळ्यात शेवटी वरून बसते.

टोयोटा या शर्यतीत १९५१ मध्ये बीजे नावाची गाडी घेऊन उतरली, त्याच गाडीने फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढून दाखवलं, आणि लँड क्रूझर हे नाव १९५४ पासूनचं. सगळ्यांची आवडती एफजे ४० आली १९६० मध्ये. सुझुकीची जिम्नी १९७० ची. त्याच वर्षी रेंज रोव्हर.

म्हणजे गाड्या वेळेवर आल्या होत्या. किट्स आली नाहीत.

प्लॅस्टिक किटची सुरुवात विमानांपासून झाली. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रॉग पेंग्विन नावाने १/७२ ची विमानं निघाली, सेल्युलोज अॅसिटेटची, आणि हे प्लॅस्टिक काळानुसार वाकडं होतं त्यामुळे त्यातली धड राहिलेली कमीच. एअरफिक्स सुरू झाली १९३९ मध्ये, हवा भरायच्या खेळण्यांपासून, नंतर कंगवे, आणि १९४९ मध्ये तिने काय केलं तर फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल, ते फर्ग्युसन कंपनीच्या सेल्समनसाठी नमुना म्हणून होतं, मग तेच सुट्या भागांत किट म्हणून विकलं गेलं. मला ही गोष्ट सांगायला खूप आवडते, कारण आज ज्या कंपनीचं नाव घेतलं की स्पिटफायर आठवतं तिचं पहिलं किट चिखलात काम करणाऱ्या यंत्राचं होतं. पण तो धागा तिथेच तुटला. १९५२ मध्ये गोल्डन हाइंड जहाज आलं, पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकमध्ये, आणि ते इतकं चाललं की पुढे जहाजं, विमानं आणि रणगाडे हेच कंपनीचं मुख्य काम झालं. एअरफिक्सच्या सुरुवातीच्या लँड रोव्हरपैकी एक आली ती ब्लडहाउंड क्षेपणास्त्राच्या किटमध्ये, १/७६ ची, अंगठ्याएवढी. पोरं क्षेपणास्त्रासाठी किट घेणार आणि गाडी सोबत येणार, असा तिचा मान.

अमेरिकेत वाट वेगळी होती. तिथे एएमटीसारख्या कंपन्या आधी शोरूमसाठी जोडलेली प्रमोशनल मॉडेल्स बनवायच्या, १/२५ मध्ये, आणि १९५८ पासून तीच बॉडी सुटी करून थ्री-इन-वन किट म्हणून विकायला लागल्या, म्हणजे एकाच बॉक्समधून स्टॉक गाडी करा, कस्टम करा किंवा रेसची करा. साहजिकच शोरूममध्ये जे झळकायचं त्याचंच किट व्हायचं, लांबलचक सेडान आणि कन्व्हर्टिबल. ब्रॉन्को, स्काउट, सीजे जीप या फोर बाय फोर मंडळींची किट्स आली खरी, पण तोवर ऑफरोडिंग हा तिथे शनिवार-रविवारचा खेळ झाला होता, त्यामुळे बॉक्समध्ये मोठे टायर, क्रोम रिम आणि रोल बार. साधी कामाची गाडी पुन्हा बाजूलाच राहिली.

मग जपान. शिझुओकामध्ये टॅमिया कंपनी १९४६ ला सुरू झाली ती लाकडाची वखार म्हणून. लाकडी मॉडेल्स, मध्ये आगीत लाकूड जळून मोठं नुकसान, मग १९६० मध्ये पहिलं प्लॅस्टिक किट, यामातो युद्धनौका. त्यानंतर पँथर रणगाडा, मोटरवर चालणारा. त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून त्याचं माप ठरवलं आणि नंतर मोजून पाहिलं तर ते १/३५ च्या आसपास निघालं! आज जगभरची लष्करी वाहनांची किट्स ज्या मापात येतात ते माप असं बॅटरीच्या आकारावरून रूढ झालं. आणि याच मापात ७० च्या दशकात टॅमियाने विलीज जीप, एसएएसची (ब्रिटिश सैन्याच्या विशेष पथकाची) जीप आणि एसएएसची ती प्रसिद्ध गुलाबी लँड रोव्हर काढली. वाळवंटात पहाटे आणि संध्याकाळी गुलाबी रंग मिसळून जातो म्हणून खऱ्या गाड्यांना तो दिला होता. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी लँड रोव्हरची चॅसिस पहिल्यांदा हातात धरली ती याच किटमध्ये, एक १०९ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस) गाडी, आणि तिच्यावर इतकं सामान लादलेलं की खालची गाडी शोधावी लागते.

कारण सरळ आहे. स्टीलचा मोल्ड, म्हणजे साचा, करायला प्रचंड खर्च येतो, आणि तो वसूल व्हायला हजारो बॉक्स खपावे लागतात. रणगाड्याचं किट घेणाऱ्याला शेजारी ठेवायला जीप हवी असते, सोबत चार सैनिक हवे असतात, म्हणजे गिऱ्हाईक आधीच तयार आहे. शेतातल्या गाडीचं गिऱ्हाईक तेव्हा कोण होतं? ती गाडी लोक रोज वापरत होते, आणि रोजच्या वापरातली वस्तू कोणी शोकेसमध्ये ठेवत नाही.

दुसरी खिडकी उघडली ती शर्यतींमुळे. पहिल्या पॅरिस-डाकार रॅलीमध्ये, १९७९ ला, गाड्यांमध्ये रेंज रोव्हर पुढे होती आणि १९८५ मध्ये पजेरो जिंकली, त्यामुळे फोर बाय फोर पहिल्यांदा स्पोर्ट्स कारच्या पंक्तीला बसल्या. त्याच सुमाराला रेडिओ कंट्रोल गाड्यांचा जोर. टॅमियाने १९८१ मध्ये टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं आरसी (रेडिओ कंट्रोल) किट काढलं, तीन गिअरचं, खरे कमानपाटे असलेलं, आणि आजही जुने लोक त्याचं नाव काढलं की हळवे होतात. आरसी म्हणजे वेगळा छंद हे मान्य, पण ऑफरोड गाडीची यंत्रणा घरी टेबलावर खोलून बघता येते ही सवय त्याने लावली.

८० चं दशक एकूण किट कंपन्यांसाठी वाईटच गेलं. १९८१ मध्ये एअरफिक्सची मूळ कंपनी बुडाली, १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एकत्र झाल्या, आणि त्याच्याही आधी फ्रॉगचे बरेच मोल्ड सोव्हिएत युनियनला जाऊन पोचले होते, तिथून तीच किट्स नोव्हो नावाने आली. हे सांगायचं कारण म्हणजे मोल्ड मरत नाही, तो फक्त मालक बदलतो. नवं चित्र, नवा बॉक्स, नवी डिकॅल्स (मॉडेलवर चिकटवायची चित्रं-अक्षरं) आणि आत चाळीस-पन्नास वर्षं जुना साचा, हे आजही सर्रास चालतं. जुना झालेला साचा नीट मिटत नाही आणि पार्टच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा येतो, तो ब्लेडने तासत बसावं लागतं. म्हणून बॉक्सवरच्या वर्षावर जाऊ नका, कॉपीराइटचं मूळ वर्ष बहुतेक वेळा पार्टच्या आतल्या बाजूला किंवा चॅसिसखाली कोरलेलं असतं, ते बघा.

जुन्या किट्सचा अजून एक दोष मी स्वतः भोगलाय. एक जीप जोडून, रंगवून, कपाटात ठेवली आणि दोन वर्षांनी काढली तर मऊ व्हिनाइल टायर रिममध्ये रुतलेले, जिथे जिथे टायर टेकला होता तिथे तिथे प्लॅस्टिक वितळून खड्डा. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिनला खातं. त्या रिम गेल्याच. आता मी रिमला आधी मेटॅलिक फॉइल लावतो किंवा सरळ रेझिनचे टायर घेतो.

साध्या कपड्यातली गाडी खऱ्या अर्थाने आली ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत, म्हणजे खऱ्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हायला लागल्यावर. २९ जानेवारी २०१६ ला इंग्लंडमधल्या सोलिहलच्या फॅक्टरीत लँड रोव्हरची शेवटची जुनी डिफेंडर लाइनवरून उतरली. ज्यांच्या लहानपणी या गाड्या अंगणात उभ्या असायच्या ती माणसं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत आणि त्यांना नेमकी तीच गाडी हवी आहे. रेव्हेलने १/२४ मध्ये सीरीज थ्री लँड रोव्हर काढली, लांब व्हीलबेसची, साधी. हासेगावाने जुनी चौकोनी जिम्नी काढली. जोडीला थ्रीडी प्रिंटिंगवाले आलेत, त्यामुळे विंच, जेरीकॅन, रूफ रॅक, वेगळी ग्रिल असं काहीही मिळतं, आणि एखादी लष्करी लँड रोव्हर शेतकऱ्याची करायला पूर्वी जिथे महिनाभर प्लॅस्टिक शीट कापत बसावं लागायचं तिथे आता आठवड्यात काम होतं.

आणि रंगवायच्या वेळी मात्र इतिहास परत समोर येतो. गाडी जुनी दाखवायची म्हणून लोक लँड रोव्हरच्या दरवाज्यावर आणि मडगार्डवर गंज काढतात, लालसर तपकिरी, अगदी छान जमलेला, आणि तो पूर्ण चुकीचा असतो, कारण ते पत्रे अॅल्युमिनियमचे आहेत, १९४८ च्या पोलाद टंचाईपासूनचे. रंग उडाला तर खाली निस्तेज चांदीसारखा धातू दिसतो. गंज येतो तो चॅसिसला, इंजिन आणि केबिनच्या मधल्या बल्कहेडला, विशेषतः काचेखालच्या कोपऱ्यांत आणि पाय ठेवायच्या जागेत. हौद्याच्या वरच्या कडेला ज्या पट्ट्या बसवलेल्या असतात त्या गॅल्व्हनाइज्ड, त्या चकाकत नाहीत आणि गंजतही नाहीत, फिकट राखाडी होतात, त्यांच्यासाठी मी चांदीच्या रंगात थोडा राखाडी आणि अगदी थेंबभर निळा मिसळतो, वर मॅट वार्निशचा एक हात.