प्लग-इन हायब्रिडमधला पिवळा पान्हा: ऑइल कधी बदलायचं, टायर कधी फिरवायचे

प्लग-इन हायब्रिड म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी. ती रोज रात्री चार्ज होते, रोजचं येणंजाणं बॅटरीवरच भागतं, पेट्रोल शेवटचं कधी भरलं तेही आठवत नाही आणि एक दिवस डॅशबोर्डवर पान्ह्याचं चिन्ह पेटतं, मेंटेनन्स करा म्हणून. मग साहजिकच माणूस म्हणतो की अरे इंजिन तर धड चाललंच नाही, मग ऑइल खराब झालं कसं? शंका एकदम रास्त आहे. पण तो दिवा कशावरून पेटतो हे बघितलं तर लक्षात येतं की बऱ्याचदा त्या दिव्याचा ऑइलशी थेट संबंधच नसतो.

बहुतेकांना वाटतं की इंजिनात कुठेतरी एक सेन्सर आहे, तो ऑइल तपासतो आणि काळं पडलं की सांगतो. ऑइलचं प्रेशर आणि काही गाड्यांत लेव्हल मोजायला सेन्सर असतात हे खरं, पण ऑइल चांगलं आहे की गेलं हे बहुतेक गाड्या मोजतच नाहीत, त्या फक्त हिशोब ठेवतात. आणि हा हिशोब प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते, सगळा घोळ तिथेच आहे.

टोयोटाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रियस प्राइममध्ये हा रिमाइंडर म्हणजे सरळ किलोमीटरचा, म्हणजे त्यांच्याकडे मैलांचा, काउंटर आहे. साधारण 4500 मैलांना तो आठवण करायला लागतो आणि 5000 मैल (8000 किमी) झाले की अडूनच बसतो. त्यातले किती मैल इंजिनावर झाले आणि किती बॅटरीवर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आता मजा बघा, त्याच गाडीला ऑइल बदलायची मुदत आहे 10000 मैल किंवा 12 महिने, जे आधी येईल ते. म्हणजे 5000 ला जो दिवा पेटतो तो ऑइलसाठी नसतोच, तो टायर रोटेशन (म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलणं) आणि वरवरच्या तपासणीसाठी असतो. हे माहीत नसलेला मालक मात्र दर वेळी गाडी नेऊन ऑइल बदलून येतो, आणि गॅरेजवाला कशाला नको म्हणेल.

जनरल मोटर्सचा प्रकार वेगळा. त्यांची ऑइल लाइफ सिस्टीम इंजिनाचे फेरे मोजते, त्या वेळी तापमान किती होतं ते बघते आणि त्यावरून ऑइलचं आयुष्य टक्क्यांत दाखवते. 2010 च्या शेवटी आलेल्या शेवरोले व्होल्टमध्ये हीच सिस्टीम होती, त्यामुळे रोज चार्ज करणाऱ्यांचा टक्का महिनोन्‌महिने हलायचाच नाही. पण म्हणून ऑइल जन्मभर चालेल असं नाही, कंपनीनेच वरून एक हद्द घालून ठेवली होती, जास्तीत जास्त दोन वर्षं. होंडाच्या मेंटेनन्स माइंडरमध्ये तर कोडच येतो, ए किंवा बी म्हणजे ऑइलचं काम आणि त्याच्याबरोबर 1 आकडा आला तर टायर रोटेशन. मला विचाराल तर हीच सगळ्यात शहाणी पद्धत, कारण दोन कामं वेगवेगळी आहेत हे निदान गाडी तरी कबूल करते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, इंजिन कमी चालूनही ऑइलला मुदत का? सीलबंद डब्यातलं ऑइल काही वर्षं आरामात टिकतं, मग इंजिनात बसून त्याला काय होतं?

तर त्याचं कारण पाणी. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि ते थोडंथोडकं नाही, एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडे वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या बाजूला उतरतात आणि इंजिन थंड असेल तर ती वाफ तिथेच पाणी होऊन बसते. नेहमीच्या गाडीत हा प्रश्न मिटून जातो कारण अर्धा-पाऊण तास गाडी चालली की ऑइल शंभर अंशांच्या आसपास पोचतं आणि पाणी उडून जातं. प्लग-इनमध्ये काय होतं, एखादा चढ लागला किंवा ओव्हरटेक करायला पाय दाबला, इंजिन तीन-चार मिनिटं चाललं आणि बंद. एवढ्या वेळात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कोमट होतं, ऑइल तर त्याच्याही मागे असतं. म्हणजे पाणी आलं, पण जायची वेळच आली नाही.

पेट्रोलचंही तसंच. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडावं लागतं, ते पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय जळताना तयार झालेले नायट्रोजनचे आणि गंधकाचे ऑक्साइड त्या पाण्यात विरघळून आम्ल बनतं, त्याला मारायला ऑइलमध्ये अल्कलीधर्मी रसायनं घातलेली असतात, आणि ती हळूहळू संपतात. गाडी उभी असली तरी आम्ल आणि ओलावा आपलं काम करतच राहतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून बघा, आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, साबणाच्या फेसासारखा चिकट थर दिसला तर तो ऑइल आणि पाण्याचा लगदा आहे. नुसत्या झाकणाला थोडासा थर दिसला तर लगेच घाबरायचं कारण नाही, थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांत तो धरतो, एकदा लांब पल्ल्याला इंजिनावर गाडी काढली की बहुतेक वेळा जातो. डिपस्टिकवरही (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर) तसाच फेस असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र मेकॅनिकला दाखवाच, तेव्हा भानगड वेगळी असू शकते. आणि डिपस्टिक बघताना आणखी एक गोष्ट, लेव्हल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल आपोआप वाढलेलं नाहीये, त्यात पेट्रोल उतरलंय. ते बदलायलाच पाहिजे, टक्का काहीही दाखवत असला तरी.

व्होल्ट बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्या गाडीत इंजिन साधारण सहा आठवडे चाललंच नाही तर गाडी स्वतःच विचारते की इंजिन जरा चालवू का, आणि तुम्ही फार टाळाटाळ केलीत तर न विचारता चालवते. टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं तर ते संपवण्यासाठीही इंजिन चालू करते, कारण पेट्रोलही बसून बसून बिघडतं. उगाच पेट्रोल जाळतेय म्हणून मालक चिडतात, पण मला तरी त्यात गाडीचं काही चुकतंय असं वाटत नाही.

म्हणजे ऑइलच्या बाबतीत नुसते किलोमीटर बघू नका, तारीखही बघा, मॅन्युअलमध्ये 12 महिने लिहिलेत तर 12 महिने.

टायरचं बरोबर उलटं. गाडी बॅटरीवर चालली काय आणि पेट्रोलवर चालली काय, टायरला प्रत्येक किलोमीटर सारखाच घासतो, उलट थोडा जास्तच. एक तर बॅटरीमुळे गाडी तशाच साध्या मॉडेलपेक्षा बऱ्याचदा शे-दीडशे किलो जड असते, त्यात इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते, सिग्नल सुटला की सुळकन निघायची सवय लागते. आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओढणं, वळणं आणि ब्रेक मारताना बॅटरीत वीज परत भरणं ही तिन्ही कामं पुढच्याच दोन टायरांवर येतात. मागचे बिचारे नुसते घरंगळत येतात. म्हणून रोटेशन टाळलं तर नव्या टायरची साधारण 8 मिलिमीटरची नक्षी पुढे 1.6 पर्यंत घासून गोटा व्हायला येते (बऱ्याच देशांत कायद्याने हीच खालची हद्द आहे) आणि मागे मात्र अजून बरीच शिल्लक असते. इंजिन कुठे वापरलंय, मग कशाला सर्व्हिसिंग, असं म्हणून जे अख्खी सर्व्हिसिंगच पुढे ढकलतात त्यांचं नुकसान खरं तर इथे होतं.

8000 ते 12000 किमीच्या दरम्यान टायर फिरवणं बहुतेक ठिकाणी सांगतात. पुढून चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे तिरपे, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, असे पुढे येतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरपं करायचं नाही, त्याच बाजूला पुढेमागे करायचं, आणि पुढचे-मागचे टायर वेगळ्या साइजचे असतील तर पुढेमागे करताच येत नाहीत. चारच टायर धरायचे, कारण बऱ्याच प्लग-इनमध्ये बॅटरीने जागा खाल्ल्यामुळे स्टेपनीच नसते, पंक्चर किट दिलेलं असतं.

दिवा रीसेट करताना एक काळजी घ्या. ज्या गाडीत एकच काउंटर आहे तिथे टायर फिरवून दिवा घालवला की ऑइलचा हिशोबही त्याच्याबरोबर पुसला जातो, आणि वर्षभराने शेवटचं ऑइल कधी बदललं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ऑइलची तारीख मोबाइलमध्ये वेगळी टाकून ठेवा. आणि पुढच्या-मागच्या टायरांना हवा वेगवेगळी सांगितलेली असेल तर चाकं बदलल्यावर ती नव्या जागेप्रमाणे भरून घ्या, गॅरेजवाले हे हमखास विसरतात, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळणाऱ्या पान्ह्याने) एकदा पुन्हा तपासून घ्या.