जुना टायर: चपलेपासून चुलवणापर्यंत

भवानी पेठेत ट्रकचा जुना टायर सोलणाऱ्या एका कारागिराजवळ मी मागे तासभर उभा होतो. चार-सहा ओढी झाल्या की रापी, म्हणजे चांभारी सुरी, पाण्यात बुडायची. कोरडं पातं रबरात रुततं, ओलं सरकतं. आतल्या नायलॉनचे थर एकेक करून सुटत होते. पातळ थर घमेल्याला, जाड थर चपलेच्या तळाला. बांधकामावरचं काळं, न फुटणारं घमेलं आणि वर्षानुवर्षं न झिजणारी टायरची चप्पल याच हातांतून आली. पुनर्वापर हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू आहे.

टायर एवढा चिवट का, याचं मूळ 1839 मध्ये आहे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला त्या वर्षी उमगलं की गंधक घालून ते तापवलं तर हा दोष जातो, कारण रबराच्या लांब साखळ्या गंधकानं एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. प्लास्टिक वितळवून पुन्हा ओतता येतं. रबराचं तसं नाही. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही. पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

1888 मध्ये जॉन डनलॉपनं हवा भरलेला टायर आणला आणि त्याचं नाव आपल्याकडे थेट बैलगाडीला चिकटलं. लोखंडी धावेच्या लाकडी चाकांऐवजी रबरी टायर लावलेली गाडी म्हणजे ‘डनलॉप’. साखर कारखान्याकडे ऊस ओढणाऱ्या अशा गाड्यांना मोटारींतून उतरवलेले टायर चालतात. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवण्याची, म्हणजे रिमोल्डची पद्धतही जुनी; एसटी महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत हे पुनःस्तरण करत आलं आहे. टायर टायर म्हणूनच आणखी काही हजार किलोमीटर धावतो, म्हणून मला हा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो. धोका एवढाच की थर नीट बसला नसेल तर तो वेगात सुटतो. म्हणून बसच्या पुढच्या चाकांना असे टायर लावू नयेत.

मग रेडियल टायर आले. भारतात त्यांची सुरुवात 1970 च्या दशकात झाली आणि आज मोटारींचे जवळजवळ सगळे टायर रेडियलच असतात. त्यांच्या पट्ट्यात पोलादी तारा असतात आणि तारेपुढे रापी चालत नाही. पेठेतल्या कामाला कच्चा माल कमी पडू लागला आणि टायर भट्टीकडे वळण्याचं ते एक कारण ठरलं.

या भट्टीला पायरोलिसिस म्हणतात. बंद टाकीत, हवेशिवाय, टायर साधारण 400 ते 500 अंशांपर्यंत तापवले की तेल, ज्वलनशील वायू, काजळीची भुकटी आणि तारा वेगळ्या होतात. कागदावर हे सुरेख दिसतं. पण टाकीतला घाणा, म्हणजे एका वेळचा माल, पुरता थंड होण्याआधी टाकीचं झाकण उघडलं तर आतला वायू हवेशी मिळून भडकतो आणि भुकटी थेट कामगाराच्या छातीत जाते. सरळ जाळणं तर याहून वाईट. दौंड भागातल्या काही गुऱ्हाळांविषयी वर्षानुवर्षं तक्रारी आहेत, की चुलवणात, म्हणजे गुळाच्या काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडाबरोबर टायर आणि प्लास्टिकही जातं. त्या धुरात गंधकाचे वायू आणि कर्करोगाशी जोडलेली संयुगं असतात, आणि तो सगळ्यात आधी लागतो चुलवणापाशी बसणाऱ्या जळव्याला.

पाण्याचा धोका दिसत नाही म्हणून विसरला जातो. टायर कसाही ठेवा, आतल्या खोबणीत पाणी राहतंच. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाणी आटल्यावरही काही महिने तग धरतात. 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सापडलेला आशियाई वाघडास जुन्या टायरांबरोबरच तिथे पोहोचला असावा, असं मानतात. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला. तेव्हा पंक्चरच्या दुकानामागचा ढीग हा आपल्या आरोग्याचाच प्रश्न आहे.

टायरचा बारीक भुगा डांबरात मिसळून रस्ते करता येतात. अमेरिकेत चार्ल्स मॅकडोनाल्डनं 1960 च्या दशकात हे सुरू केलं, आपल्याकडेही अशा डांबराला मानक आहे. मैदानावर हाच भुगा सुटा पसरण्याबद्दल मात्र मला शंका आहे. युरोपीय संघानं 2023 मध्ये असा भुगा आठ वर्षांनी बंद करायचं ठरवलं, कारण तो वाहत जाऊन मातीत आणि पाण्यात मिसळतो.

केंद्र सरकारच्या 21 जुलै 2022 च्या नियमांनी टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर जबाबदारी टाकली: दोन वर्षांपूर्वी जेवढे टायर बनवले किंवा आणले, त्याच्या पहिल्या वर्षी 35 टक्के, मग 70, मग 100 टक्के इतक्या टायरांचा पुनर्वापर. हिशेब कंपनीच्या पातळीवर सुरू झाला, ही मोठी गोष्ट आहे.

घरच्या पातळीवर पुणेकर टायरमध्ये झाडं लावतात, सोसायटीच्या बागेत ते अर्धे पुरून मुलांना चढायला देतात. हे जरूर करावं. पण तळाशी बोटभर भोकं पाडा, तार बाहेर आलेला टायर मुलांपाशी ठेवू नका, आणि रबरातलं जस्त मातीत उतरतं म्हणून मेथी-पालक मातीच्या कुंडीतच लावा.