परागण (मुंबई परिसर)

फुलाच्या परागकोशातले परागकण कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) पोचण्याची क्रिया म्हणजे परागण. पराग त्याच झाडाचा असेल तर स्वपरागण, त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचा असेल तर परपरागण. पाठ्यपुस्तकात ही विभागणी नेटकी दिसते. प्रत्यक्षात बऱ्याच वनस्पती दोन्ही डगरींवर हात ठेवून असतात.

पावसाळ्यात सोसायट्यांच्या कुंपणाकडेला माजणारा केना त्यांपैकीच. त्याची निळी फुले सकाळी उमलतात, त्यांवर मधमाश्या येतात आणि दुपारपर्यंत ती मिटतात. शिवाय जमिनीखालच्या फांद्यांवर त्याला कधीच न उमलणारी फुले येतात. ती मिटल्या अवस्थेतच स्वतःच्या परागाने फळतात. वरचा पाला उपटून केना हटत नाही, त्याचे हे एक कारण.

शेवळाची तऱ्हा उलटी. पावसाच्या तोंडावर बाजारात जुड्यांनी येणारे शेवळ हा मुळात फुलोरा असतो. आवरण सोलले की दांड्याच्या तळाशी स्त्री-फुले आणि त्यांच्यावर पुं-फुले दिसतात. भाजी निवडताना खाजरा म्हणून जो दाणेदार पिवळा भाग काढून टाकतात, तो या फुलांचाच. स्त्री-फुले आधी पक्व होतात. पराग सुटतो तेव्हा त्यांची वेळ टळलेली असते. म्हणून दुसऱ्या फुलोऱ्याचा पराग घेऊन येणारा किडाच लागतो, आणि त्याला बोलवायला कुजकट वास. बाजारातली शेवळे मात्र बहुधा उमलण्याआधीच खुडलेली असतात, म्हणजे त्यांचे बी धरत नाही. भाजीच्या कौतुकात हे सहसा कोणी बोलत नाही.

खाडीकाठी पांढरी चिप्पी (२०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष) रात्रीच्या पाहुण्यांवर विसंबते: संध्याकाळी उमललेल्या फुलांवर वटवाघळे आणि पतंग येतात, सकाळी पुंकेसरांचा खच पडतो. वड, पिंपळ, उंबर यांची फुले फळासारख्या गोळ्याच्या आत दडलेली. तिथे त्या त्या जातीची चिमुकली गांधीलमाशीच शिरते.

गच्चीवरल्या दुधीची फुलेही संध्याकाळी उमलतात. किडे फिरकले नाहीत तर मादी फुलामागचा इवलासा दुधी पिवळा पडून गळतो. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे केसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवतात. हे काम फूल उमलले त्याच संध्याकाळी उरकावे. फूल कोमेजल्यावर उपयोग होत नाही.